वेग दुप्पट, ऊर्जा चौपट : गतिज ऊर्जेच्या अभ्यासाची प्रस्तावना

हावडा–मुंबई लोहमार्गावर दुर्गहून नागपूरकडे निघालेली एक गाडी डोळ्यांसमोर आणा. हिशेबाला सोपे जावे म्हणून तिचे वस्तुमान ४०० टन धरू. स्टेशनातून सुटून ती ताशी ६५ किलोमीटरचा वेग घेते, तेव्हा केवळ गतीमुळे तिच्यात जी ऊर्जा साठते ती विजेच्या मीटरवर मोजली तर सुमारे १८ युनिट भरेल. पुढे वेग वाढत जाऊन ताशी १३० किलोमीटर होतो. वेग दुप्पट झाला, तेव्हा ऊर्जा ३६ युनिट झाली असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती ७२ युनिट होते. पहिल्या ६५ किलोमीटरच्या वेगाला १८ युनिट पुरले आणि त्यावर तेवढाच वेग आणखी चढवायला ५४ युनिट लागले, म्हणजे तिप्पट. हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांचा खर्च यात धरलेलाच नाही, तो वेगळा. गाडी तीच, रूळ तेच, वाढवलेला वेगही तेवढाच. मग हा तिप्पट खर्च कशापायी?

या एका प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला तर यामिकी नावाच्या शास्त्राचा बराचसा भाग आपोआप उलगडत जातो. पुढची प्रकरणे त्यासाठीच लिहिली आहेत. भिलाईतले स्मृती नगर, नेहरू नगर, जुनवानी आणि पलीकडे दुर्ग शहर या टापूत मराठी बोलणारी घरे बरीच आहेत. घरातली मुले शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून विज्ञान शिकतात आणि गतिज ऊर्जेचे सूत्र त्यांना तोंडपाठ असते. त्यातला वर्ग कुठून आला हे विचारले की मात्र ती गप्प होतात, आणि पुष्कळदा त्यांचे आईवडीलही. मला वाटते, हा प्रश्न घरच्या भाषेत, घाई न करता विचारला गेला पाहिजे. वाचकाला गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ येत असले म्हणजे पुरे. बाकीचे आपण वाटेत जमवू.

सूत्र असे आहे : गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वस्तुमान दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट, तिप्पट केला तर नऊपट. पाठ करायला ते एका मिनिटाचे काम आहे. ते खरे का आहे हे पाहायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ वाचकाने द्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सपाट रस्त्यावर एक स्कूटर चालली आहे. चालकाने ब्रेक दाबला की टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण तिला मागे रेटू लागते. हे बल थांबेपर्यंत सारखेच राहते असे समजू. बल सारखे असले की दर सेकंदाला वेगही सारखाच घटतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी स्कूटर दीड सेकंदात थांबत असेल, तर ताशी ६० ने जाणारीला तीन सेकंद लागतील. इथपर्यंत सगळे सरळ आहे : दुप्पट वेगाला दुप्पट वेळ. आता अंतर पाहा. पहिल्या स्कूटरचा वेग ३० वरून शून्यावर येतो, म्हणजे सरासरी ताशी १५. त्या वेगाने दीड सेकंदात ती सुमारे ६ मीटर जाते. दुसरीची सरासरी ताशी ३०, आणि तिला वेळही दुप्पट मिळालेला. ती २५ मीटर जाते. वेळ दुप्पट आणि सरासरी वेगही दुप्पट, म्हणून अंतर चौपट.

ऊर्जेचा हिशेब या अंतराशी बांधलेला आहे. बल गुणिले अंतर याला यामिकीत कार्य म्हणतात. धावत्या वस्तूला थांबवताना जेवढे कार्य करावे लागते, तेवढीच तिची गतिज ऊर्जा. दोन्ही स्कूटरवर बल एकच होते, अंतर चौपट झाले, तेव्हा दुसरीची ऊर्जा पहिलीच्या चौपट असलीच पाहिजे. सूत्रातला तो अर्धाही इथेच सापडतो : तो सरासरीचा अर्धा आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, भागिले थांबायला लागलेला वेळ. अंतर म्हणजे अर्धा वेग गुणिले तोच वेळ. दोन्हींचा गुणाकार करा. वेळ उडून जातो आणि हातात उरते ते आपले सूत्र. वाचकाने हे एकदा स्वतः कागदावर करून पाहावे. ते दोन ओळींचे आहे आणि त्यानंतर सूत्र पाठ ठेवण्याची गरज उरत नाही.

आता दुर्गच्या गाडीकडे पुन्हा पाहिले तर तिपटीचे कारण दिसते. मोटारी सारख्याच बलाने ढकलत असतील, तर शून्यावरून ६५ वर यायला आणि ६५ वरून १३० वर जायला वेळ सारखाच लागतो. पण पहिल्या टप्प्यात गाडीचा सरासरी वेग साडेबत्तीस होता, दुसऱ्यात तो साडेसत्त्याण्णव आहे. तेवढ्याच वेळात तिप्पट रूळ मागे पडले, आणि मोटारींना तेवढ्या तिप्पट लांबीवर गाडी ढकलत न्यावी लागली.

हा वर्ग वहीत राहिला तर निरुपद्रवी आहे, रस्त्यावर मात्र तो माणसांच्या जिवाशी येतो. म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या जी. ई. रोडवर दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० ने, दुसरी ताशी ७० ने. दोघींचे ब्रेक सारखेच चांगले. पुढे अचानक कोणी आडवे आले आणि दोन्ही चालकांना ते एकाच क्षणी दिसले. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. त्या सेकंदात पहिली मोटार सुमारे १४ मीटर पुढे जाते, दुसरी साडेएकोणीस. मग पहिली आणखी १६ मीटरवर, म्हणजे एकूण ३० मीटरवर थांबते. दुसरी त्याच ३० मीटरच्या खुणेवर येते तेव्हा तिचा वेग किती असेल? पुष्कळ जण वीस सांगतात, कारण सत्तरातून पन्नास वजा केले की वीस उरतात. वजाबाकी करायची ती वर्गांची. शिवाय दुसऱ्या मोटारीला ब्रेक लावायला जेमतेम साडेदहा मीटर मिळालेले असतात. हिशेब पुरा केला की उत्तर येते ताशी ५७ किलोमीटर. जिथे पहिली मोटार शांतपणे उभी आहे, तिथून दुसरी पन्नाशीच्या पुढच्या वेगाने जाते. ही आकडेमोड पुस्तकात सविस्तर दिली आहे. गाडी चालवायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ती स्वतःच्या हाताने करावी असे मला मनापासून वाटते. वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा थोडासाच ओलांडला असे आपण म्हणतो, पण ५० वरून ७० वर गेलेल्या गाडीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झालेली असते.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे पटायला युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही शंभरएक वर्षे लागली, हे नव्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. देकार्तचे म्हणणे होते की गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग हेच. १६८६ मध्ये लायब्निझने त्याला हरकत घेतली. त्याने पडणाऱ्या वस्तूचे उदाहरण घेतले आणि माप वेगाच्या वर्गाने घ्यायला हवे असे सांगितले. दोन तट पडले आणि वाद दीर्घकाळ चालला. तो वाढत असताना काहींनी हाताने करून पाहायचे ठरवले. इटलीत पोलेनीने १७१८ मध्ये आणि हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडने १७२२ मध्ये मऊ थरावर गोळे टाकून पडलेले खळगे मोजले. ग्राव्हेसांडने पितळी गोळे ओल्या चिकणमातीत टाकले. वेग दुप्पट झाला की खळगा चौपट होई. ग्राव्हेसांड तोवर विरुद्ध पक्षाचा होता; मातीतले खळगे पाहून त्याने आपले मत बदलले. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात हे पुरावे मांडून वर्गाची बाजू घेतली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतरही तिनेच केले. ते पूर्ण रूपात १७५९ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. गतिज ऊर्जेच्या इतिहासात तिचे नाव पहिल्या रांगेत घेतले पाहिजे आणि आपल्या शालेय पुस्तकांनीही ते घ्यायला हवे.

गंमत अशी की दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर होते. बल किती वेळ लावावे लागले हे मोजले तर उत्तर वस्तुमान गुणिले वेग असे येते. आपण त्याला आज संवेग म्हणतो. तेच बल किती अंतरभर लावावे लागले हे मोजले तर वेगाचा वर्ग येतो आणि ती ऊर्जा होते. आपल्या दोन स्कूटरमध्ये हे दोन्ही होते : वेळ दुप्पट, अंतर चौपट. द’अलांबेरने १७४३ मध्ये हा भेद दाखवला. वर्गापुढचा अर्धा रूढ केला तो कोरिओलिसने, १८२९ मध्ये. तो यंत्रांच्या कामाचा हिशेब मांडणारा अभियंता होता. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला कार्य हे नाव देणाराही तोच. यंत्र दिवसभर राबते तेव्हा त्याने किती वजन किती उंच उचलले हेच मालकाला हवे असते, त्यामुळे तो अर्धा अभियंत्याच्या हातूनच आला याचे मला नवल वाटत नाही.

उंचीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या गावातल्या कारखान्यात जाऊ. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यतः इथे तयार होतात. सध्या सर्वत्र दिसणाऱ्या जड रुळाचे वजन मीटरला ६० किलो असते. रूळ धक्का सोसतो की मोडतो हे पाहण्याची जुनी, भरवशाची रीत म्हणजे दोन आधारांवर ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठरलेल्या उंचीवरून जड वजन सोडणे. या चाचणीत वेग कोणी मोजत बसत नाही, उंची मोजली की काम भागते. एक टनाचे वजन ५ मीटरवरून सोडले तर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर असतो. १० मीटरवरून सोडले तर तो २० होत नाही, १४ च होतो. वेग दुप्पट करायचा तर उंची चौपट, म्हणजे २० मीटर हवी. ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते आणि वेग उंचीच्या वर्गमुळाने. वेगाच्या वर्गाचे म्हणणे हेच, फक्त उलट बाजूने सांगितलेले. ताशी ५० ने जाणारी मोटार कशावर आदळली तर ती सुमारे १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या वरून खाली पडल्यासारखी असते. ताशी १०० ला ही उंची ३९ मीटर होते.

मुंबई–पुणे लोहमार्गावरच्या बोरघाटात हेच गणित उलट्या दिशेने, जीव वाचवायला वापरले आहे. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा उतार ३७ ला १ आहे. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली तर तिला धरायला तिथे कॅच सायडिंग बांधल्या आहेत : मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारे, पुढे संपणारे रूळ. सांधा एरवी त्याच बाजूला लावलेला असतो. उतरणारी गाडी थांबली, तिचे ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री झाली की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी सायडिंगवर चढते आणि तिची गतिज ऊर्जा उंचीत मुरत जाते. घर्षण सोडून द्या, तरी ताशी ३० च्या गाडीला थांबायला साडेतीन मीटर उंची पुरते, ताशी ६० च्या गाडीला १४ मीटर लागते. सायडिंगचा चढ १० ला १ असेल तर पहिलीला ३५ मीटर रूळ हवा, दुसरीला १४० मीटर. उतरणीच्या गाड्यांना वेगाचे इतके कडक बंधन का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. याच घाटात १९२० च्या दशकाच्या अखेरीस खेकडा या टोपणनावाची विजेची इंजिने आली. गाडी उतरताना त्यांच्या मोटारी जनित्राचे काम करीत आणि वीज तारेत परत देत. एरवी ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. आजच्या मुंबई लोकलमध्ये दर स्टेशनला थांबताना हेच घडते.

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते आणि तोटीतून सुटते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास, ताशी साडेतीनशे किलोमीटर असतो. ही धार पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. चक्र किती वेगाने फिरू द्यावे हा प्रश्न फार सुंदर आहे. फार हळू फिरले तर पाणी तसेच वेगाने मागे उसळते आणि ऊर्जा घेऊन जाते. धारेइतक्याच वेगाने फिरले तर पाणी वाटीला ढकलतच नाही. वाट्यांचा वेग धारेच्या वेगाच्या साधारण निम्मा ठेवला की परत फिरलेले पाणी जमिनीच्या मानाने जवळजवळ थबकते आणि खाली गळून पडते. त्याच्याकडे वेग उरला नाही म्हणजे ऊर्जाही उरली नाही. ती सगळी चक्राने घेतली. चौथ्या प्रकरणात हे पुरते सोडवून दाखवले आहे.

पाणी, गाड्या आणि स्कूटर यांच्या वेगांत वावरून वर्गाचा खरा आवाका कळत नाही. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावे लागते. काळ्या बेसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे गोल विवर आहे आणि तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. दख्खनच्या लाव्हारसात असल्यामुळे ते ज्वालामुखीचे तोंड असावे असे दीर्घकाळ मानले जाई. १९७० च्या दशकात तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाने काच झालेली खनिजे मिळाली आणि हे अशनीच्या आघाताचे काम आहे हे पक्के झाले. अवकाशातून येणारी वस्तू पृथ्वीच्या ओढीनेच सेकंदाला ११ किलोमीटरच्या पुढे जाते. १५ ते २० हे वेग नित्याचे. आता एका किलोचा हिशेब करा. सेकंदाला ३ किलोमीटर वेग असला की एक किलो दगडाची गतिज ऊर्जा एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या ऊर्जेएवढी होते. दगडात दारूगोळा नाही, तो फक्त धावतो आहे. वेग पाचपट करा, म्हणजे १५ किलोमीटर. ऊर्जा पंचवीसपटीने वाढते आणि दगडाचा प्रत्येक किलो सुमारे २७ किलो टीएनटीच्या बरोबरीला येतो. म्हणून असा अशनी जमिनीत नुसता घुसून बसत नाही. त्याच्या ऊर्जेने तो स्वतः आणि खालचा खडक वितळतो, त्यांची वाफ होते, आणि सगळे स्फोटासारखे बाहेर फेकले जाते. खळगा गोल होतो तो त्यामुळेच. अशनी तिरका आला तरी बहुधा गोलच होतो. लोणारच्या काठावर उभे राहून समोर पाहताना ही आकडेमोड मनाशी करावी. सूत्रातला वर्ग केवढा असतो हे तिथे नजरेत भरते.

इथवर आलेल्या वाचकाला एक अडचण सुचायला हवी. सुचली नसेल तर मी सुचवतो, कारण या विषयाचा सगळ्यात खोल भाग तिच्यामागे आहे. वेग कशाच्या मानाने मोजायचा? धावत्या गाडीत मांडीवर ठेवलेली पिशवी आपल्या मानाने स्थिर आहे, रुळाशेजारी उभ्या माणसाच्या मानाने ती ताशी १३० ने चालली आहे. तिची ऊर्जा शून्य म्हणावी की नाही? उत्तर : दोघांचे हिशेब वेगळे आणि दोन्ही खरे. पण मग आपल्या ४०० टनांच्या गाडीचे काय? तिच्या शेजारच्या रुळावरून ताशी ६५ च्या कायम वेगाने दुसरी गाडी चालली आहे असे समजा. त्या गाडीतल्या प्रवाशाला आपली गाडी ६५ वर असताना स्थिर दिसते आणि १३० वर गेल्यावर ताशी ६५ ने पुढे जाताना दिसते. त्याच्या हिशेबाने ऊर्जा शून्यावरून १८ युनिट झाली. इंजिनाच्या मीटरने मात्र ५४ युनिट वीज घेतली आहे. मीटर एकच, तो कोणाच्या बघण्याने बदलत नाही. मग ३६ युनिट गेले कुठे?

ते पृथ्वीकडे गेले. त्या प्रवाशाच्या नजरेला रूळ, शेते आणि सगळी धरणीच ताशी ६५ ने मागे पळते आहे. आपल्या गाडीने पुढे जाण्यासाठी रुळांना मागे रेटले. मागे पळणाऱ्या जमिनीला आणखी मागे रेटणे म्हणजे तिच्यावर कार्य करणे. त्याचा हिशेब केला तर ते बरोबर ३६ युनिट येते, आणि १८ अधिक ३६ मिळून ५४ पूर्ण होतात. जमिनीवर उभ्या माणसाच्या हिशेबात जमीन स्थिर आहे, म्हणून तिच्यावर झालेले कार्य शून्य धरता येते आणि सगळे ५४ युनिट गाडीच्या नावावर पडतात. पाहणारा बदलला की ऊर्जेची वाटणी बदलते, बेरीज जुळतेच. ही जुळणी मला सूत्राच्या कोणत्याही सिद्धतेपेक्षा मोलाची वाटते. ऊर्जा वेगाच्या साध्या प्रमाणात वाढत असती तर ती जुळली नसती.

काही गोष्टी इथे नुसत्या नोंदवून पुढे जातो. वाऱ्याच्या बाबतीत वर्गाचा घन होतो : वेग दुप्पट झाला की हवेच्या प्रत्येक किलोची ऊर्जा चौपट होते आणि दर सेकंदाला पात्यांपाशी दुप्पट हवा येते, म्हणून पवनचक्कीला मिळू शकणारी शक्ती आठपट. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या का उभ्या केल्या, याचे कारण त्यातच आले. प्रकाशाच्या वेगाजवळ गेले की आपले सूत्र पुरत नाही आणि आइनस्टाइनचे घ्यावे लागते. ऊर्जा कितीही ओतली तरी वेग त्या मर्यादेपलीकडे जात नाही. रोजच्या वेगांना मात्र या दोन सूत्रांतला फरक मोजताही येणार नाही इतका लहान आहे.

आणखी एक. सूत्रातला वेग हा त्या क्षणीचा वेग आहे, तासाभराची सरासरी नव्हे. क्षणाचा वेग म्हणजे काय हे नीट सांगणे अवघड असते. चाळीसगावजवळच्या पाटण परिसराशी ज्यांचे घराणे जोडलेले आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या संदर्भात या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. दिवसभराच्या सरासरी गतीने चंद्राचे अचूक स्थान काढता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कलनाची ओळख करून देणाऱ्या सातव्या प्रकरणाची सुरुवात मी तिथूनच केली आहे.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. शाळकरी वाचकाने दुसरे आणि तिसरे आधी वाचावे, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पाहणाऱ्याच्या अडचणीचे सहावे. घरातल्या मोठ्यांनी रस्त्यावरचे उदाहरण मुलांबरोबर बसून सोडवावे. पण त्याआधी सगळ्यांनी एक प्रयोग करावा. मुलांच्या खेळण्यातली तेलकट क्ले एका डब्यात चार बोटे जाड थापा आणि पृष्ठभाग सपाट करा. एक जड पोलादी गोळी ४० सेंटिमीटरवरून सोडा आणि दुसऱ्या जागी तीच गोळी १६० सेंटिमीटरवरून. पहिलीचा आदळतानाचा वेग सेकंदाला २.८ मीटर, दुसरीचा ५.६. खळग्याची खोली मोजू नका, ती फसवते, कारण गोल खळगा खोल होताना रुंदही होतो. औषधाच्या सिरिंजने काठोकाठ पाणी भरा आणि किती मिलिलिटर मावले ते लिहा. दोन्ही उंचींसाठी पाच-पाच वेळा करा, सरासरी काढा, मोठ्या आकड्याला लहानाने भागा. मग वस्तुमान दुप्पट असलेली गोळी अर्ध्या उंचीवरून, म्हणजे २० सेंटिमीटरवरून सोडा आणि तिचा खळगा ४० सेंटिमीटरच्या खळग्याशी ताडून पाहा. गोळ्यांचा आकार वेगळा असेल तर तेही नोंदवा. आकडे पुस्तकाशी तंतोतंत जुळणार नाहीत. क्ले थंड असेल तर कमी दबते आणि गोळी थोडी उसळलीही असेल. जे आले ते तसेच वहीत उतरवा, खोडू नका, आणि मगच पहिले प्रकरण उघडा. त्यातला पहिला तक्ता तुमच्या आकड्यांसाठी रिकामा ठेवला आहे.

स्मृती नगर, भिलाई